चढावर गाडी ओढत नव्हती

दोन हजार चोवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा. आधार कार्डावर अडुसष्ट आहे, कारण कार्ड काढणाऱ्याने माझ्या तोंडाकडे बघून अंदाजाने साल टाकलं, आणि त्या दिवशी रांग मोठी होती म्हणून मी भांडलो नाही. एरवी मी भांडतो.

शाळा तिसरीपर्यंत. पुढचं जे काही शिकलो ते जीपखाली पाठीवर पडून शिकलो. मोखाडा ते जव्हार या रस्त्यावर मी प्रवाशांची जीप चालवली, गुडघे होते तोवर. सकाळी पाड्याच्या वर रस्त्याला गाडी लावायची आणि लांब हॉर्न वाजवायचा. हॉर्न ऐकला की लोक हातातली भाकरी टाकून पळत यायचे, कारण मी थांबत नसे. पुढची सीट मानाची. तिथं गुरुजी, ग्रामसेवक, नाहीतर ओली बाळंतीण. बाकीचे मागे आणि टपावर. माझी बायको बाजाराला आली तरी मागेच बसायची, पोत्यांच्या आणि कोंबड्यांच्या शेजारी. घरच्या माणसाने पुढची सीट अडवायची नाही, असा आम्हा सगळ्या जीपवाल्यांचा नियम होता. कोणी लिहून ठेवलेला नव्हता, पण कोणी मोडलाही नव्हता.

मग लोकांच्या दारात मोटारसायकली आल्या आणि माझा धंदा बसला. जीप मात्र ठेवली. ठाण्याला कामाला असलेला मुलगा म्हणत राहिला, "बाबा, भंगारात घाला." मी म्हटलं, "मला घाल आधी."

बरं झालं ठेवली. कारण बायकोला आधी साखर निघाली, मग पायांना सूज, आणि मग डॉक्टरने सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्या. आता आठवड्यातून दोनदा जव्हारच्या दवाखान्यात मशीनवर रक्त धुवायचं. त्याला डायलिसिस म्हणतात. आमच्या पाड्यावर आता शेरडं राखणाऱ्या पोरींनाही तो शब्द येतो. मी डॉक्टरला विचारलं, "नाही आलो एखादे वेळी, तर?" तो म्हणाला, "पाणी अंगात साचतं बाबा. मग छातीत जातं. मग श्वास घेता येत नाही. चुकवू नका."

एसटी वरच्या रस्त्याला थांबते आणि पाडा खाली आहे. मशीनवरून उठल्यावर तिला उभं राहता येत नसे, तो चढ-उतार कुठून करणार? म्हणून जीपच्या मागच्या बाकावर गोधडी टाकायची, तिला आडवी करायची, आणि न्यायची-आणायची. तेव्हा ती जीप चालली तर बायको, नाहीतर काही नाही, असा सरळ हिशेब होता.

आणि ती जीप चढावर ओढेनाशी झाली.

भात झोडून झालं होतं. नागली खळ्यावर होती. त्या दिवशी आम्ही मोखाडा सोडलं तेव्हा गाडी नेहमीसारखी होती. नदीच्या पुलानंतर चढ लागतो. तिसऱ्या गिअरवर मी तो चढ आयुष्यभर चढलोय, माणसं टपावर असताना चढलोय. त्या दिवशी तिसऱ्यात ओढेना, दुसरा टाकला. दुसऱ्यात ओढेना, पहिला टाकला. पाय फळीपर्यंत दाबलेला, आणि गाडी आपली गाभण म्हशीसारखी. मागून सायकलवाला पुढे गेला. सायकलवाला! मग धक्के द्यायला लागली, आणि बंद.

मी बॉनेट उघडलं. तारा बघितल्या, पट्टा बघितला, डिझेलची नळी हाताने चाचपली. काही दिसेना. थोड्या वेळाने चावी फिरवली तर एका झटक्यात चालू. वर जाईपर्यंत काही कुरकुर नाही. मी बायकोला म्हटलं, "बघ, मिटलं." ती म्हणाली, "मिटला तर चल. पाय जड झालेत."

मिटलं नव्हतं. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच, फक्त वेगळ्या वळणावर. गाडी नेमक्या जागी बंद पडली असती तर मी काही समजलो असतो. कधी पुलाच्या अलीकडे, कधी पार जव्हारच्या जवळ. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली, आणि तिने मी आणखीच चक्रावलो. पंपावर टाकी भरून निघालं की गाडी लवकर बसायची. टाकीत डिझेल कमी असलं की उशिरा. आता हे उलटंच झालं ना? भरल्या पोटी चालेना आणि उपाशी चालते, असं जनावर मी बघितलेलं नाही.

जव्हारला माझ्या ओळखीचा मिस्त्री आहे. त्याच्या बापाचं वऱ्हाड मी नेलंय. बायको मशीनवर असताना मी गाडी त्याच्याकडे नेली.

"काका, पिकअप नाही म्हणता? धूर कसला येतो?"

"धूरच येत नाही."

"काळा नाही?"

"काळा असता तर हवा कमी पडते असं मीच म्हणालो असतो. तुला कशाला विचारलं असतं? धूर नाही म्हणजे डिझेल पोचत नाही."

"मग मिस्त्री तुम्हीच. मी चहा आणतो."

पण त्याने बघितलं. डिझेलचा फिल्टर बदलला. टाकीचं झाकण काढून आत पाणी आहे का बघितलं, नव्हतं. नळीतली हवा काढली. मग हवेच्या फिल्टरचा डबा उघडला आणि मोठ्याने हसला. आत पेंढा, चिंध्या आणि नागलीची कणसं. उंदरांनी घर केलं होतं.

"काका, तुमच्या उंदरांनी इथं कणगी भरलीय! वर्षाची बेगमी झाली."

मीही हसलो. वाटलं, सापडलं. त्याने डबा झाडून साफ केला आणि आम्ही दोघं चक्कर मारून आलो. गाडी उडत होती.

मग मंगळवारी पुन्हा बंद पडली.

मंगळवारी आम्ही दवाखान्यात इतके उशिरा पोचलो की मशीन पुरता वेळ मिळालं नाही. पाठोपाठच्या माणसाची वेळ झाली आणि तिला अर्ध्यातच काढली. मी मिस्त्रीकडे गेलो तो तावातच गेलो. त्याने पुन्हा झाकण काढून बघितलं, पुन्हा चक्कर मारली, गाडी पुन्हा उडाली.

"काका, राग मानू नका. गाडीला काही झालेलं नाही. तुमच्या पायाला झालंय. ॲक्सिलरेटर दाबता, का नुसता पाय ठेवून बसता?"

"तुझ्या बापाला याच गाडीतून नवरदेव करून नेला. तेव्हा चढावर उतरून ढकलायला लागला नव्हता."

"तेच म्हणतो मी. तेव्हाची गाडी आहे. पंप उतरवून बाहेर पाठवावा लागेल. गाडी ठेवून जा."

"किती दिवस?"

"ते पंपवाल्यावर."

गाडी ठेवली तर शनिवारी तिला कशात आणू? मी चावी त्याच्या हातातून घेतली. तो म्हणाला, "हट्टी आहात." मी म्हटलं, "आहेच."

घरी आल्यावर मुलाचा फोन. "बाबा, आईला इकडे आणा. इथं दवाखाना बिल्डिंगच्या खालीच आहे." फोन मी तिच्या कानाला लावला. ती म्हणाली, "तिसऱ्या माळ्यावर मना कोण चढवील? आणि चढवली तर उतरवील कोण? राहू दे रं बाबा." मग फोन माझ्याकडे देऊन भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवसांत ती फार बोलत नसे. पूर्वी गाडीत बसली की मागून सारखी बोलायची. वास येतो, वास येतो, मळमळतं, गाडी थांबव. मशीन लागल्यापासून तिचं नाक फार तीक्ष्ण झालं होतं, शेजारच्या घरातली फोडणीही तिला सोसत नसे. मी एकदा वैतागून म्हटलं होतं, "डिझेलच्या गाडीला डिझेलचा वास येणार, मोगऱ्याचा येणार का?" त्यानंतर तिने ती तक्रार सोडली. मला वाटलं, सवय झाली.

शनिवार उजाडला तेव्हा तिचा चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते. पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहत होता. मी पहाटेच उठून गाडीचा होता नव्हता तो प्रत्येक नट आवळला. सायलेन्सर काढून आत काडी घालून बघितली, चोंदलाय का. चाकं उचलून फिरवली, ब्रेक धरून राहिलाय का. सगळं ठीक. ठीक म्हणजे काय, सगळं ठीक आणि गाडी ओढत नाही, तर माणसाने बघायचं तरी कुठं? मी गणपतीच्या तसबिरीपुढे उभा राहिलो आणि काय मागायचं तेच सुचलं नाही. शेवटी म्हटलं, आजचा चढ चढू दे.

नाही चढली. पुलानंतरचा चढ अर्धा झाला आणि धक्के सुरू. मी पाय सोडला, दाबला, सोडला, दाबला. स्टिअरिंगवर मूठ मारली. गाडी बाजूला घेईपर्यंत बंद. मागून तिचा आवाज येत होता. बोलण्याचा नाही. श्वासाचा. पायरीवर चढताना म्हातारी माणसं घेतात तसा, पण ती तर आडवी होती.

एक पांढरी गाडी थांबली. मुंबईची माणसं. काच खाली करून बाईने विचारलं, "काका, शिरपामाळला हाच रस्ता ना? महाराज थांबले होते ते?"

"जव्हारला जा. तिथून पुढं."

"तुमची गाडी बंद पडलीय का? काही मदत?"

"नको. चालू होईल."

मागून बायको म्हणाली, "सांग ना त्यांना." मी ऐकलं. पण गाडी बंद पडली की थोड्या वेळाने चालू होते हे मी दरवेळी बघत होतो, आणि अनोळखी माणसाच्या गाडीत सुजलेली बायको कोंबून मागे बंद गाडीपाशी मी उभं राहावं, हे मला जमणारं नव्हतं. पांढरी गाडी गेली. चूक म्हणा. मी त्यांना थांबवायला हवं होतं असं मुलगा आजही म्हणतो. मी म्हणत नाही. पण ती गाडी वळणाआड जाईपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिलो, हे खरं आहे.

त्यानंतर चावी फिरवली तर चालू होईना. दरवेळी होत होती, त्या दिवशी होईना. स्टार्टर फिरत राहिला आणि बॅटरी मंदावायला लागली. मी रस्त्यावर उभा राहून हात केला. जव्हारकडे जाणारी जीप आली ती माणसांनी भरलेली, दारात लोंबकळणारे. तिच्यात उभी बाई मावली नसती, आडवी कुठून? ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि गेला. मीही असाच जायचो.

काहीतरी करायचं म्हणून मी टाकीत डिझेल किती आहे ते बघायला गेलो. टाकीचा काटा कधीच मेलाय. मी बांबूची काडी बुडवून बघतो. एरवी पंपावरून निघालेलो असतो म्हणून वाटेत कधी बघत नाही. झाकण फिरवलं आणि ओढलं, तर ते सुटेना. आतून कोणी धरून ठेवावं तसं. दोन्ही हातांनी जोर केला, आणि झाकण निघालं तसं टाकीने केवढी हवा आत ओढली! सूऽऽ असा लांब आवाज.

"साप हाय का काय?" आतून बायको.

झाकण हातात धरून तसाच उभा राहिलो. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीला तोंड लावून न सोडता ओढत राहिलं की काय होतं? बाटली पोटात जाते आणि पाणी येईनासं होतं. तोंड जरा सैल करून हवा आत सोडली की पुन्हा येतं. टाकीचंही तेच. जेवढं डिझेल इंजिन पितं तेवढी हवा मागून आत यायला पाहिजे. ती येत नव्हती. भरल्या टाकीत हवेला जागाच थोडी, म्हणून ती लवकर आवळायची. आणि मिस्त्री दरवेळी झाकण उघडून बघायचा, म्हणून त्याच्याकडे गाडी उडायची. माझ्या पायाला काहीही झालं नव्हतं.

चावी फिरवली. जराशी खाकरली आणि चालू झाली. झाकण सैल ठेवून वर फडकं बांधलं आणि तिसऱ्या गिअरवर चढ चढलो. मी ओरडलो, "ओढते! बघ, ओढते!" मागून फक्त तिचा श्वास ऐकू आला.

दवाखान्यात पोचलो तेव्हा तिच्या बेडवर दुसरा माणूस होता.

"बाबा, तुमची वेळ केव्हाच गेली," सिस्टर म्हणाली. "आता कोणाला उठवू?"

मी आवाज चढवला. काय काय बोललो ते लिहीत नाही. ती पोर शांत होती. म्हणाली, "ओरडून मशीन रिकामं होत नाही बाबा. उद्या रविवार आहे, पण मी डॉक्टरांना सांगून ठेवते. सकाळी पहिल्यांदा हिला लावू. मात्र उद्या उशीर केलात तर आमच्या हातात राहणार नाही. नाशिकला न्यावं लागेल, आणि तिथवर..." पुढचं तिने माझ्या बायकोकडे बघून सोडून दिलं. एक इंजेक्शन दिलं, पाणी घोटभरच द्या म्हणून बजावलं.

परतताना गाडी पाण्यासारखी चालली. मी मनात उद्याचं ठरवत होतो, किती वाजता निघायचं, पांघरूण कुठलं घ्यायचं. पुलापाशी ती म्हणाली,

"आता ओढते का?"

"हां. सापडलं."

"उद्या नको काढू गाडी."

"का?"

"मना नाय जायाचा आता."

मला वाटलं थकून बोलते. मी म्हटलं, "गप पडून राहा."

घरी तिला ओट्यावर बसवली, कारण आडवं झालं की तिला कोंडत होतं, आणि मी जीपच्या मागे शिरलो. झाकणाचं दुखणं झाकणात नव्हतं. टाकीला हवेसाठी वेगळी बारीक रबरी नळी असते. पूर्वी पावसाळ्यात ओहोळातून गाडी घालावी लागायची, तेव्हा टाकीत पाणी शिरू नये म्हणून आम्ही जीपवाले ती नळी खालून वर ओढून घ्यायचो. माझी मी मागच्या बाकाखाली आणून सोडली होती. इतकी वर्षं झाली त्याला, की ती तिथं आहे हेच माझ्या डोक्यातून गेलं होतं. बाकाखाली हात घातला. नळीचं तोंड बोटाला लागलं. तोंडात बोळा होता.

मी तो पक्कडीने उपसला. चिंधी, मेणात बुडवलेली, घट्ट वळून आत ठोकलेली, वरून शेणमाती लिंपलेली. असं बूच आमच्याकडे एकाच गोष्टीला मारतात. कणगीच्या बुडाला उंदराने भोक पाडलं की. आणि चिंधी हिरवी होती, तिच्या जुन्या लुगड्याची.

मी ओट्यापाशी गेलो. बोळा तिच्यापुढे धरला. माझ्या डोक्यात जे आलं होतं ते मला बोलवत नव्हतं. पण मी विचारलं.

"हे मुद्दाम केलंस? गाडी चालू नये म्हणून?"

ती बोळ्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"मना काय ठावं त्याच्यातून गाडी दम घेते? त्याच्यातून वास यायचा. बरोबर नाकाखाली. नागलीची कणगी लिंपली त्या दिशी उरलेला मेण होता, बुजवला. तुना सांगितला होता वास येतो. तू मोगरा काढलास."

"मला सांगायचं तरी बुजवलं म्हणून!"

"तुझ्या गाडीला हात लावला म्हणून बोंबलला असतास."

बोंबललो असतो. मी खाली बसलो. तिचा श्वास मोठा होत होता, दोन शब्दांमागे एक थांबा.

"मुद्दाम नाय केला," ती म्हणाली. "पण गाडी बंद पडायची ना... तवा मना बरा वाटायचा. इंजिन बंद. वारा यायचा. पडल्या पडल्या झाडं दिसायची. तेवढा येळ कोणी सुई टोचत नाय."

मी तिच्या हाताकडे बघितलं. कोपराच्या वर सुयांच्या जागा गाठीसारख्या फुगल्या होत्या. इतके दिवस मी बॉनेटखाली डोकं घालून उभा असायचो, आणि मागे बाकावर ती झाडं बघत असायची. मी देवाकडे जे मागत होतो त्याच्या उलट तिला मिळत होतं आणि तिला ते पुरत होतं.

"उद्या जायचं," मी म्हटलं.

"तू जा."

"मी एकटा जाऊन काय करू?"

"मग राहा घरी. माझ्याजवळ बस. दोन दिवस बस. मग होईल त्ये होईल."

मला भांडता येतं. मी तलाठ्याशी, पोलिसाशी, मिस्त्रीशी, पोटच्या पोराशी भांडलोय. पण जवळ बस म्हणणाऱ्या बाईशी भांडायचं कसं? उचलून गाडीत टाकली असती. तेवढी ताकद अजून आहे अंगात. पण पुढच्या मंगळवारी? त्यापुढच्या शनिवारी? दरवेळी उचलायची का, पोत्यासारखी? इतकी वर्षं पोत्यांशेजारीच तर बसवली. भाकरी केली होती शेजारणीने, ती तशीच झाकून ठेवली. ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घेत होती आणि दचकून उठत होती, आणि मी न मोजता तिचे श्वास ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत मी अंगणात गेलो. फवारणीच्या पंपाची जुनी नळी होती, ती टाकीच्या हवेच्या नळीला जोडली. जोडावर तार आवळली. ती पत्र्याच्या फटीतून बाहेर काढून मागच्या कोपऱ्याने टपापर्यंत नेली, तोंड खाली वळवून बांधली, पाऊस जाऊ नये म्हणून. नाक लावून बाकाखाली वास घेतला. मग मागची गोधडी काढली आणि पुढच्या सीटवर घातली. सीटची पाठ मागे होत नव्हती, गंजली होती. पाना लावून ती इतकी मागे पाडली की माणसाला टेकून पडता येईल. पुढची काच धुतली. तिच्या बाजूची आधी.

गाडी दारात आणून लावली, पुढचा दरवाजा उघडा ठेवला आणि इंजिन बंद केलं. ती ओट्यावरून बघत होती. चेहरा आणखी सुजला होता.

"वास नाही आता," मी म्हटलं. "नळी टपावर नेली. आणि पुढं बस. पुढून जास्त दिसतं."

"पुढं?"

"पुढं. आणि पुलानंतर मी गाडी उभी करीन. चालू असली तरी. इंजिन बंद करून. तू म्हणशील तेवढा वेळ. लवकर निघालो तर वेळ आहे त्याला." मग मी तिला असं विचारलं जसं लग्न झाल्यापासून कधी विचारलं नव्हतं. "येतेस का?"

ती दरवाजाकडे बघत राहिली, सीटवरच्या गोधडीकडे. वरच्या रस्त्याने पहिली एसटी गेली. उजाडत चाललं होतं आणि उशीर होत चालला होता, आणि सिस्टर काय म्हणाली ते माझ्या कानात होतं.

मी आपल्या जागेवर जाऊन बसलो, हात स्टिअरिंगवर ठेवले, आणि ती उठेपर्यंत हॉर्न वाजवला नाही.